वजनच नसेल तर थकवा कसला? स्पेसवॉकची पहिली आठ वर्षे

आपला प्रश्न असा आहे: अंतराळात माणसाला वजन जाणवत नाही, मग 1966 साली जेमिनी या अमेरिकेच्या दोन माणसांच्या यानाबाहेर पडलेले धडधाकट, लढाऊ विमाने चालवलेले अंतराळवीर अगदी साधी कामे करताना घामाघूम का झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बझ ऑल्ड्रिन यांना तशीच कामे शांतपणे कशी जमली? मी कोणत्याही अंतराळ संस्थेत काम केलेले नाही. माझी 26 वर्षे अरबी समुद्रात, मुंबई हायच्या तेलफलाटांखाली, पाणबुड्या म्हणून गेली. गंजलेले बोल्ट सोडवणे, पोलादी पायांवरची शिंपले-शेवाळाची पुटे खरवडणे आणि वेल्डिंगचे सांधे तपासणे हे माझे रोजचे काम होते. स्पेसवॉकच्या सुरुवातीच्या इतिहासाचा अभ्यास मी पुढे आवडीने केला. तो करताना मला वारंवार जाणवले की जेमिनीच्या अंतराळवीरांना छळणारी अडचण माझ्या ओळखीची आहे, कारण तिने मलाही छळले होते.

माझ्या पहिल्याच हंगामात सुमारे 18 मीटर खोलीवर एका पाइपच्या जोडाचे बोल्ट सैल करायचे होते. कमरेच्या शिशाच्या पट्ट्याचे वजन असे जुळवलेले होते की मी बुडतही नव्हतो आणि वरही जात नव्हतो. पाना बोल्टला लावून मी सगळी ताकद एकवटली, तेव्हा बोल्ट जागचा हलला नाही आणि मीच पान्याभोवती गरगर फिरलो. जमिनीवर आपण पाना फिरवतो तेव्हा हातांइतकेच काम तळपाय करतात; शरीराच्या वजनामुळे पाय जमिनीला घट्ट धरून राहतात आणि हाताने लावलेल्या जोराची उलट प्रतिक्रिया जमीन गुपचूप सोसते. वजनच काढून घेतले की ती प्रतिक्रिया सोसायला कोणी उरत नाही. मग एका हाताने पोलाद धरायचे, पायांनी कशाला तरी विळखा घालायचा आणि उरलेल्या हाताने काम करायचे, अशी कसरत सुरू होते, आणि तीत बहुतेक ताकद कामावर खर्च न होता जागेवर टिकण्यावर खर्च होते. वीस मिनिटांत माझी छाती भात्यासारखी चालू लागली. वर बोटीवर माझा श्वास ऐकत बसलेल्या सहकाऱ्याने मला थांबवले. दुसऱ्या दिवशी एका वयस्क पाणबुड्याने माझ्या कमरेला दोन आखूड दोर बांधून दिले आणि एवढेच सांगितले, ‘‘आधी बूड टेकव, मग हात चालव.’’ जेमिनी मोहिमांना हेच वाक्य सापडायला जवळपास दीड वर्ष लागले.

सुरुवात अर्थातच सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह यांच्यापासून होते. 18 मार्च 1965 रोजी वोसखोद-2 यानातून ते बाहेर पडले आणि सुमारे 12 मिनिटे सुमारे पाच मीटरच्या दोराच्या आधाराने तरंगत राहिले. आत सेनापतीच्या जागी पावेल बेलयायेव होते. वोसखोदमधली उपकरणे हवेने थंड राखली जात असल्याने यानातली सगळी हवा सोडून देणे शक्य नव्हते, म्हणून यानाच्या बाजूला ‘वोल्गा’ नावाची कापडी, फुगवता येणारी नळीसारखी एअरलॉक, म्हणजे आतली हवा न घालवता बाहेर जाण्याची दुहेरी दारांची खोली, जोडलेली होती. फुगल्यावर ती सुमारे अडीच मीटर लांब होई आणि आतून जेमतेम एक मीटर रुंद असे. बाहेर पडणे सोपे गेले, परंतु बाहेरच्या निर्वातात त्यांचा ‘बेरकूत’ पोशाख फुगून ताठ झाला, बोटे हातमोज्यांच्या टोकांपासून आणि पाय बुटांपासून सुटू लागले, आणि मांडीवर बसवलेल्या, कॅमेऱ्याच्या बटणापर्यंतदेखील त्यांचा हात पोहोचला नाही. ठरल्याप्रमाणे पायांकडून आत शिरणे अशक्य झाल्यावर त्यांनी पोशाखातला दाब सुमारे 0.4 वातावरणावरून 0.27 पर्यंत उतरवला. दाब इतका झपाट्याने कमी केल्यास रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन माणूस लुळा पडू शकतो, ही गोष्ट आम्हा पाणबुड्यांना पहिल्याच दिवशी शिकवली जाते, त्यामुळे तो निर्णय वाचताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. निव्वळ प्राणवायू बराच वेळ आधीपासून श्वासात घेतल्याने त्यांच्या रक्तातला नायट्रोजन बराचसा निघून गेला असावा, एवढाच काय तो आधार होता. शेवटी ते डोक्याकडून आत शिरले आणि त्या एक मीटरच्या नळीत फुगलेल्या पोशाखासह उलटे वळले, कारण बाहेरचा दरवाजा पायांच्या बाजूला राहिला होता आणि तो बंद झाला की नाही हे डोळ्यांनी पाहणे आवश्यक होते.

या सगळ्या झटापटीतली एक बाब आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे: जगाला तेव्हा तिची खबर मिळाली नाही. जगाने पाहिले ते यानाबाहेर आनंदाने हात हलवणाऱ्या माणसाचे चलचित्र, आणि सोव्हिएत घोषणांमध्ये सगळे सुरळीत पार पडल्याचेच सांगितले गेले. दमछाकीचा पहिला पुरावा अशा रीतीने पडद्याआड राहिला.

दुसरा पुरावा मिळालाच नाही, कारण दुसऱ्या माणसाकडे काम नव्हते. 3 जून 1965 रोजी जेमिनी-4 मधून एड व्हाइट बाहेर पडले, तेव्हा जेम्स मॅकडिव्हिट आत होते. जेमिनीला एअरलॉक नव्हती. दोघांचेही पोशाख दाबाखाली घेऊन अख्खी केबिनच रिकामी केली जाई. व्हाइट हवाईजवळच्या पॅसिफिकवर बाहेर आले आणि मेक्सिकोच्या आखातावर येईपर्यंत साधारण वीस-बावीस मिनिटे बाहेर होते. त्यांच्या हातात प्राणवायूच्या झोताने ढकलणारी छोटी बंदूक होती. तिने त्यांना छान हालचाल करता आली, पण तिच्यातला वायू काही मिनिटांतच संपला आणि पुढे त्यांना नुसता दोर ओढून फिरावे लागले. तरीही ते इतके खुशीत होते की आत यायला तयार होईनात. त्यांना ना काही सोडवायचे होते, ना काही बसवायचे होते. रिकाम्या हातांनी तरंगणाऱ्या माणसाला आधार लागत नाही, म्हणून आधाराचा अभाव त्यांना जाणवला नाही. जोर लावायची वेळ एकदाच आली, ती परत येऊन हॅच, म्हणजे यानाचे झाकणासारखे दार, बंद करताना. तिची कळ नीट बसेना आणि दोघांनाही घाम फुटेपर्यंत झगडावे लागले. ती झगड इतकी कठीण गेली की नको असलेले सामान बाहेर टाकण्यासाठी हॅच पुन्हा उघडण्याचा बेत त्यांनी सोडून दिला. माझ्या मते जेमिनी-4 चा खरा धडा त्या हॅचपाशी होता, आणि व्हाइट यांच्या सुंदर छायाचित्रांनी तो झाकून टाकला.

त्यामुळे पुढच्या स्पेसवॉकची आखणी अतिशय धाडसी झाली. मार्च 1966 मध्ये जेमिनी-8 वर डेव्हिड स्कॉट यांना बाहेर जायचे होते, परंतु एक थ्रस्टर (यानाची दिशा वळवणारे छोटे झोतयंत्र) चालूच राहून यान भोवऱ्यासारखे फिरू लागल्याने ती मोहीम आवरती घ्यावी लागली. म्हणजे 5 जून 1966 रोजी जेमिनी-9A मधून यूजीन सर्नन बाहेर आले, तेव्हा अमेरिकेच्या गाठी व्हाइट यांच्या वीस-बावीस मिनिटांपलीकडे काहीही अनुभव नव्हता, आणि सर्नन यांच्यावर सोपवलेले काम मात्र त्या काळातले सर्वांत अवघड होते. यानाच्या अगदी मागच्या टोकाला हवाई दलाने बनवलेले, पाठीवर घेऊन उडण्याचे यंत्र ठेवलेले होते. तिथपर्यंत सरकत जायचे, त्याच्या झडपा उघडायच्या, दांडे पसरायचे, जोडण्या बदलायच्या आणि ते पाठीला बांधून यानापासून दूर जायचे. त्याचे झोत तप्त असल्याने पोशाखाच्या पायांवर धातूच्या धाग्यांचे विणलेले जाड कापड चढवले होते, म्हणजे मुळातच वाकायला अवघड असलेले पाय आणखी ताठ झाले होते.

दाब दिलेला पोशाख वाकवणे म्हणजे काय, हे समजायला सायकलची हवा भरलेली ट्यूब हातात घेऊन मुडपून पाहावी. मुडपताना आतली हवा दबते आणि ट्यूब आपल्या मूळ आकाराकडे परत झेपावते. जेमिनीच्या पोशाखात दाब साधारण पाव वातावरणाइतकाच होता, तरी कोपर वाकवणे, ते वाकलेले ठेवणे आणि मूठ वळवणे या प्रत्येक हालचालीसाठी स्नायूंना सतत काम करावे लागे. त्यात सर्नन झडप फिरवू लागले की त्यांचे शरीर उलट दिशेने फिरे. पकडायला दांडे आणि पाय अडकवायला एक आडवी सळी दिलेली होती, पण तिच्यात पाय घट्ट बसत नसे आणि शरीर सारखे सुटून वर येई. त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला दीडशेच्या पुढे गेले आणि काही वेळा 180 च्या आसपास पोहोचले. पोशाखातला गारवा यानाशी जोडलेल्या नळीतून येणाऱ्या वायूच्या झोतावर अवलंबून होता. शरीर एवढी उष्णता आणि घाम निर्माण करू लागल्यावर तो झोत अपुरा पडला, आणि हेल्मेटच्या काचेवर धुके जमले. नाकाने काच घासून त्यांनी पाहण्यापुरते एक भोक केले. सूर्यास्तानंतर परिस्थिती आणखी बिघडली, आतल्या टॉम स्टॅफर्ड यांच्याशी होणारे बोलणेही अस्पष्ट झाले, आणि यंत्र वापरून पाहण्याचा प्रयोग सोडून देण्याचा योग्य निर्णय स्टॅफर्ड यांनी घेतला. दोन तास सात मिनिटांनी सर्नन आत आले. त्या काळी काही जणांनी याचा दोष त्यांच्या तयारीला दिला. पाण्याखाली आंधळ्या काचेने काम केलेला माणूस म्हणून मी ठामपणे सांगतो की त्या आखणीने कोणीही माणूस तिथे पाठवला असता तरी हेच घडले असते.

जुलैमध्ये जेमिनी-10 वर मायकेल कॉलिन्स यांना आधाराचा अभाव दुसऱ्या रूपात भेटला. जेमिनी-8 ने मागे सोडलेल्या, वीज संपून मृत झालेल्या अजेना या मानवरहित रॉकेटवर जाऊन सूक्ष्म उल्काकण टिपणारी पेटी काढून आणायची होती. दुसऱ्या यानाला हात लावणारे ते पहिले मानव ठरले. परंतु अजेना बनवताना त्यावर कोणी माणूस येईल असा विचारच झालेला नव्हता, म्हणून त्यावर पकडायला दांडा नव्हता. गुळगुळीत कडेवरून त्यांचे हात निसटले आणि ते तरंगत दूर गेले. दुसऱ्या खेपेस त्यांनी तारांचा जुडगा धरून स्वतःला थांबवले. पेटी मिळाली, पण त्या गडबडीत त्यांचा कॅमेरा सुटून अंतराळात गेला आणि परत आल्यावर 15 मीटरच्या नळीच्या वेटोळ्यांतून सुटायला जॉन यंग यांची मदत घ्यावी लागली. नळीचे वेटोळे पायात अडकणे ही पाणबुड्याच्या आयुष्यातली नित्याची गोष्ट आहे, म्हणून आमच्याकडे नळी सोडणारा-ओढणारा माणूस वर कायम उभा असतो.

सप्टेंबरमध्ये जेमिनी-11 च्या रिचर्ड गॉर्डन यांचे काम ऐकायला अगदी किरकोळ होते: अजेनावर ठेवलेल्या 30 मीटरच्या दोराचे टोक आपल्या यानाच्या नाकावरील दांड्याला अडकवायचे. ते घोड्यावर बसावे तसे यानाच्या नाकावर बसले. सरावात मांड्यांनी नाक दाबून धरणे त्यांना जमले होते, परंतु कक्षेत ताठ पोशाख मांड्या मिटू देईना आणि शरीर सारखे वर उचलले जाई. एक हात टिकून राहण्यात गुंतला, दुसऱ्याने गाठ बसवली, डोळ्यांत घाम उतरला आणि दिसेनासे झाले. पीट कॉनराड यांनी त्यांना आत बोलावले. पावणेदोन तासांहून अधिक वेळाची योजना 33 मिनिटांत संपली.

आपल्या प्रश्नाचा गाभा इथे आहे: सरावात जमलेली गोष्ट कक्षेत का जमली नाही? तोपर्यंतचा वजनविरहित सराव मुख्यतः विमानात होई. विमान कमानीच्या आकाराच्या मार्गाने वर जाऊन खाली झेपावते आणि त्या कमानीच्या माथ्यावर सुमारे 25 सेकंद आतली माणसे तरंगतात. त्या 25 सेकंदांत कामाचा एक तुकडा करता येतो, मग विमान सावरते, वजन परत येते, माणूस फरशीवर बसून दम खातो, आणि पुढच्या कमानीत ताजातवाना होऊन पुढचा तुकडा करतो. असे तुकडे जोडून कागदावर पूर्ण काम तयार होते, पण सलग दोन तास आधाराविना राहण्याचा शीण त्या हिशेबात कुठेच येत नाही. विमानातला सराव खोटा नव्हता. थकव्याबद्दल तो काहीच सांगू शकत नव्हता, इतकेच.

ते सांगणारी जागा बाल्टिमोरजवळच्या मॅकडोनॉ नावाच्या शाळेच्या पोहण्याच्या तलावात होती. नासाच्या लँग्ली केंद्रासाठी एक छोटी कंपनी तिथे पोशाख घातलेल्या माणसांना वजने बांधून, बुडू-तरंगू न देता, पाण्याखाली हालचाली करायला लावत होती. उड्डाणानंतर सर्नन स्वतः त्या तलावात उतरले आणि त्यांनी जेमिनी-9A मधली कामे पुन्हा करून पाहिली. कक्षेत अनुभवलेली तीच धडपड आणि तोच शीण पाण्यात परत भेटतो, असे त्यांनी सांगितले. माझ्या दृष्टीने स्पेसवॉकच्या इतिहासातला हा सर्वांत निर्णायक प्रसंग आहे. अपयश भोगलेल्या माणसाने त्या अपयशाची साक्ष प्रामाणिकपणे दिली आणि तिच्या आधारे सरावाची जागा बदलली.

ऑल्ड्रिन तेव्हा सर्नन यांचे राखीव अंतराळवीर राहिलेले असल्याने त्या कामांची आखणी त्यांना पाठ होती, शिवाय त्यांना पाण्याखाली बुड्या मारण्याची आवड होती. जेमिनी-12 साठी उडण्याचे यंत्र रद्द झाले आणि मुळाक्षरांपासून सुरुवात करण्याचे ठरले: आधी माणूस जागेवर राहू शकतो का, एवढेच पाहायचे. नोव्हेंबर 1966 मध्ये, जिम लव्हेल यांच्यासोबतच्या त्या मोहिमेत, ऑल्ड्रिन तीन वेळा मिळून सुमारे साडेपाच तास हॅचबाहेर होते. यातले दोनदा ते हॅचमध्ये उभे राहून काम करत होते, आणि 13 नोव्हेंबरला दोन तासांहून थोडा अधिक काळ पूर्णपणे बाहेर. यानाच्या मागच्या भागात साच्यातून काढलेल्या सोनेरी रंगाच्या पादुका बसवल्या होत्या. त्यात बूट सरकवून टाच वळवली की पाय घट्ट बसत आणि दोन्ही हात पूर्ण मोकळे होत. कमरेला दोन आखूड दोर होते, धरायला जागोजागी दांडे होते. समोरच्या फळीवर त्यांनी बोल्ट फिरवले, तारा कापल्या, विजेच्या जोडण्या काढल्या-लावल्या. नंतर अजेनावर फक्त कमरेच्या दोरांच्या भरवशावर तशीच कामे करून पाहिली. ठरावीक अंतराने दोन-दोन मिनिटे काहीही न करता स्वस्थ राहायचे, हेही योजनेतच लिहिलेले होते. ठोके आटोक्यात राहिले, काच स्वच्छ राहिली. ऑल्ड्रिन हे काही सर्नन किंवा गॉर्डन यांच्याहून बलवान नव्हते. त्यांचे बूड टेकलेले होते.

पाण्यातल्या सरावाच्या मर्यादा मात्र आपण लक्षात ठेवायला हव्यात, कारण त्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. पाणी हालचालीला अडवते, त्यामुळे तलावात हात थांबवला की शरीरही थांबते; अंतराळात ते थांबत नाही, आणि जड वस्तू एकदा हलवली की ती अडवायलाही तेवढाच जोर लागतो. शिवाय पोशाख तरंगत असला तरी त्याच्या आतल्या माणसाला वजन असतेच, म्हणून उलटे झाल्यावर तो हेल्मेटच्या दिशेने घसरतो आणि त्याचे डोके जड होते. एवढे सोडले तर शरीर कुठे सुटेल आणि हात कुठे अडेल हे पाणी अचूक दाखवते. आज ह्यूस्टनमधला नासाचा सराव-तलाव 62 मीटर लांब, 31 मीटर रुंद आणि 12 मीटर खोल आहे, आणि त्याचा उगम त्या शाळेच्या तलावात आहे.

उष्णतेचा प्रश्न पोशाखातच सोडवावा लागला. अपोलोसाठी अंगालगत पातळ नळ्या विणलेला, आतून थंड पाणी खेळवणारा पोशाख आला आणि यानाशी जोडलेली नळी टाळून प्राणवायू पाठीवर नेता येऊ लागला. मार्च 1969 मध्ये अपोलो-9 वर रस्टी श्वाइकार्ट यांनी तो अंतराळात प्रथम वापरला. त्याआधी जानेवारीत सोव्हिएत अंतराळवीर येवगेनी ख्रुनोव्ह आणि अलेक्सेई येलिसेयेव सोयुझ-5 मधून बाहेरच्या वाटेने सोयुझ-4 मध्ये गेले. त्यांच्या पोशाखात फुगवटा आवरणाऱ्या दोऱ्या-कप्प्या होत्या, म्हणजे लिओनोव्ह यांची अडचण जाहीर झाली नसली तरी ती पोशाख बनवणारे विसरले नव्हते.

या सगळ्याची कसोटी 7 जून 1973 रोजी स्कायलॅब या अमेरिकेच्या अंतराळ प्रयोगशाळेवर लागली. उड्डाणात फाटलेल्या कवचाची एक पट्टी सौर पंखाला अडकून बसल्याने तो उघडत नव्हता आणि प्रयोगशाळेला वीज अपुरी पडत होती. पीट कॉनराड आणि जोसेफ केर्विन यांना लांब काठीच्या टोकाला बसवलेल्या कात्रीचे जबडे त्या पट्टीवर नेऊन बसवायचे होते, आणि ज्या जागी ते करायचे तिथे ना पादुका होत्या ना दांडे, कारण तिथे कोणी काम करेल असे कोणाच्याच मनात आले नव्हते. केर्विन यांनी काठी पुढे केली की शरीर मागे जाई, आणि सर्नन यांच्यासारखेच त्यांचे ठोके वाढत चालले. मग त्यांना जवळच एक कडी दिसली. आपला दोर त्यांनी तिच्यातून दुहेरी ओवला, आखडून कमरेला अडकवला, आणि दोर ताणून दोन पायांवर उभे राहावे तसे ते स्थिर झाले. त्यानंतर दोन्ही हातांनी कात्री पट्टीवर नेऊन बसवायला त्यांना फार वेळ लागला नाही. पट्टी तुटली, दोघांनी दोराला खांदे लावून जोर दिला, सांधा मोकळा झाला, आणि काही तासांत त्या पंखातून वीज येऊ लागली.